खिडकीपुढचा खांब

१४ मे

डॉक्टरीणबाईंनी ही वही दिली ती सकाळ-संध्याकाळ रक्तदाब लिहून ठेवायला. आकडे काय लिहायचेत, ते माझ्या तोंडावरच दिसतात. त्यापेक्षा तो कशाने चढतो तेच लिहिते, म्हणजे त्यांनाही औषध ठरवायला बरं.

ताई वारली, तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला बितोलाला गेले होते. आज स्कोप्येला परत येते तो जिन्यात जो तो माझी नजर चुकवतोय. शेवटी बेकरीवालीने सांगितलं. आमच्या इमारतीला नवा चेहरा बसवणार आहेत. नवा म्हणजे जुना. पांढरे खांब, खांबांवर पानाफुलांचे मुकुट, गच्चीच्या कडेने कुंड्या. सरकार पैसे देणार, कंपनी बांधणार, आम्ही फक्त मान डोलवायची. आणि ती डोलवून झालीसुद्धा! मी नसताना रहिवाशांची सभा घेतली, हात वर करून मतं मोजली, आणि एका मताने ठराव पास. मी इथे असते तर ते एक मत कसं पडतं तेच बघितलं असतं.

सभेचा अध्यक्ष खालच्या मजल्यावरचा पान्चे. त्याला जिन्यातच गाठला.

"कुणाचा होता रे तो शेवटचा हात?"

"जाऊ द्या ना बाई. झालं ते झालं."

"तुझाच असणार. चोराच्या मनात चांदणं. बघ, मान खाली गेली तुझी."

एरवी शब्दाला शब्द देणारा माणूस, पण आज माझी पिशवी उचलून निमूट चार मजले चढला. दारात ठेवून निघून गेला. अपराध्याची लक्षणं याहून वेगळी नसतात.

१६ मे

माझा नवरा नउम काहीच बोलत नाही, याचा मला जास्त राग येतो. ही इमारत त्याची आहे. म्हणजे मालकीची नाही, पण त्रेसष्टच्या भूकंपानंतर ती उभी केली ती त्याने. तेव्हा इंजिनियर म्हणून नवा होता. काँक्रीट ओतताना लावलेल्या फळ्यांच्या नसा अजून भिंतींवर दिसतात. पाहुणा आला की भिंतीवर हात फिरवायला लावायचा. आता अर्धं अंग गेलंय, दीड वर्षं पलंगावर आहे. पलंग खिडकीशी आहे. तिथून त्याला वार्दार नदी दिसते, दगडी पूल दिसतो आणि पलीकडे वोद्नो डोंगर. दिवसभराचं ऊन अंगावर घेत पडलेला असतो. त्याला म्हटलं, "तुझ्या इमारतीला बाटवतायत, आणि तू गप्प?"

"भिंत तीच राहते, देसांका. वरून टोपी घालतायत फक्त."

टोपी म्हणे! याच माणसाने दिव्याच्या खांबाला चुकीचा रंग लावला म्हणून नगरपालिकेत जाऊन भांडण केलं होतं. आजारपणाने माणूस इतका मऊ होतो हे मला माहीत नव्हतं.

३ जून

वांगेल आला होता. कंपनीचा साहेब झालाय. माझाच विद्यार्थी, पुढच्या बाकावर बसून मागच्याची वही बघायचा. कॉफी दिली, पण गोड केली नाही.

"बाई, राजधानीला शोभा नको का? व्हिएन्ना बघा, बुडापेस्ट बघा."

"बघितलंय. त्यांचं जुनं आहे ते जुनं असताना बांधलेलं आहे. तुझं जुनं पुढच्या मंगळवारी तयार होणार."

हसला. निघताना नउमच्या पलंगाशी थांबला आणि त्याचा धड हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "मी शब्द पाळला, काका." कसला शब्द विचारलं तर नउम म्हणाला, कॉफी प्यायला येईन म्हणाला होता.

संध्याकाळी मुलाचा, ब्लाझेचा, फोन आला. नोकरी लागली! तीन वर्षं हा चाळिशीचा घोडा नोकरीसाठी वणवण करतोय. बायको सोडून गेली, एरोड्रोम नावाच्या वस्तीत भाड्याच्या खोलीत राहतो, आणि हल्ली स्लोव्हेनियाला जातो, स्लोव्हेनियाला जातो असं पालुपद लावलं होतं. मला आनंदाने रडू आलं. मग विचारलं, कुठे लागली? वांगेलच्या कंपनीत. खांब बसवायला.

फोन ठेवला आणि नउमला म्हटलं, "आपला मुलगा थर्माकोलचे खांब चिकटवणार!"

"पण इथे चिकटवणार ना? या गावात?"

"तू याला आनंद म्हणतोस?"

त्याने डोळे मिटून घेतले. तोंडावर मात्र हसू होतं. पोराला नोकरी द्यायला आणखी कुठे जागा नव्हती का देवाला?

२६ जुलै

भूकंपाला एक्कावन्न वर्षं झाली. सकाळी जुन्या स्टेशनवर फुलं ठेवून आले. भिंतीवरचं घड्याळ पाच वाजून सतरा मिनिटांवर उभं आहे, तसंच. या गावात खोटं न बोलणारी तेवढी एकच वास्तू उरली. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. रात्री तीन मजली घरात झोपले होते, सकाळी त्याचा ढिगारा होता. विद्यार्थ्यांच्या पथकातला एक मुलगा फावडं घेऊन आला आणि दोन दिवस उकरत राहिला. माझ्या काकांना त्यानेच बाहेर काढलं. जिवंत नव्हते. मी त्याच्यावर खेकसले की एवढा उशीर का केलास. तो म्हणाला, "यापुढे पडणार नाही अशी घरं बांधीन." पुढे त्याच्याशीच लग्न केलं.

त्या वेळी जगभरातून माणसं आली. कुणी नकाशे दिले, कुणी सिमेंट, कुणी नुसतेच हात दिले. आमचं पोस्ट ऑफिस काँक्रीटच्या फुलासारखं उमललं, तेव्हा आम्ही मुद्दाम पत्रं टाकायला जायचो, पत्र पाठवायला माणूस नसला तरी. हा आमचा इतिहास. आणि हे लोक म्हणतात, राजधानीला इतिहास कमी पडतो, दुकानातून आणा.

घरी आले तर आमच्या बाजूचे खांब बसवून झाले होते. एक बरोबर आमच्या खिडकीपुढे. गॅलरीच्या कठड्याला लागून, दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढा, खालच्या मजल्यापासून गच्चीपर्यंत. नदी गेली, पूल गेला, डोंगर गेला. खोलीत विहिरीत असतो तसा उजेड.

मी किंचाळले. पलंग हलवायचा म्हटलं तर हलवणार कुठे? त्या खोलीला खिडकी एकच. नउम म्हणाला, "दिवा लाव. वाचता येतं की."

९ ऑगस्ट

भर दुपारी दिवा लावून बसतो आम्ही.

आज खाली पर्यटकांचा घोळका होता. एक पोरगी छत्री उंच धरून सांगत होती, "ही एकोणिसाव्या शतकातली श्रीमंत व्यापाऱ्यांची घरं." मी खांबाच्या बाजूने मान काढली आणि ओरडले, "एकाहत्तर साली बांधलीयत! पहिले पडदे मी लावलेत! व्यापारी इथे एकच होता, तो पळवलेल्या सिगारेटी विकायचा!" लोकांनी वर बघून माझे फोटो काढले. बहुधा पोरीने मलाही एकोणिसाव्या शतकात घातलं असेल.

पान्चे कलिंगड घेऊन आला. मी दार अर्धंच उघडलं. "लाच नको." कलिंगड उंबऱ्यात ठेवून म्हणाला, "नउमसाठी आहे. त्याला कसं वाटतं हल्ली? अंधारात?" वर तोंड करून विचारतो! म्हटलं, "तुझ्या कृपेने छान." बिचाऱ्याचं तोंड पडलं. बिचारा कसला. मी उगाच लिहिलं, खोडत नाही.

ब्लाझे रविवारी संध्याकाळी येतो, अंधार पडल्यावर. घरात दिवा असतोच, त्याला वेगळं काय दिसणार? त्याचं काम नदीपलीकडे असतं. त्याच्यासमोर खांबाचं नाव काढलं की नउम माझ्याकडे असा बघतो की मी गप्प बसते. बापाला पोराची नोकरी जपायची आहे एवढं मला कळतं. माझा राग तेवढा कुणी जपत नाही.

२१ सप्टेंबर

आयवार, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांची वर्षभराची चटणी! सबंध स्कोप्येला भाजलेल्या मिरच्यांचा वास सुटलाय. ज्या गॅलरीतून सप्टेंबरात धूर निघत नाही त्या घरात काहीतरी बिनसलंय असं समजावं. सरकारने बाकी सगळं बदललं, पण गॅलरीत पत्र्याची चूल मांडून वर्षभराच्या मिरच्या भाजायच्या ही रीत बदलायची छाती कुणाची नाही.

ब्लाझेने काल स्ट्रुमित्साच्या लाल मिरच्यांची दोन पोती आणून टाकली. पहाटे चूल पेटवली. तिचं धुराडं दर वर्षी कठड्याबाहेर काढते तसंच काढलं. बारा वाजेपर्यंत एक पोतं भाजून झालं. मी मान खाली घालून सोलत बसलेले. मिरच्यांच्या वासात काहीतरी घाणेरडा वास मिसळला, जळक्या कंगव्याचा. मान वर केली तर धुराड्याच्या तोंडासमोर खांबाला भोक पडलेलं! आग नव्हती, नुसतं वितळत मागे सरकत होतं. वरचा सिमेंटचा पापुद्रा गळून पडला आणि आतून थर्माकोल आक्रसत गेला. पलीकडच्या बाजूने आकाश दिसलं.

पाण्याची बादली ओतली. मग अशी हसत सुटले की पान्चेची बायको खालून विचारते, बाई, ठीक आहात ना? साम्राज्याचा स्तंभ म्हणे. माझ्या मिरच्यांनी पाडला!

आत गेले तर नउमच्या पांघरुणावर उन्हाचा ताटलीएवढा गोल पडला होता.

२३ सप्टेंबर

नउमला झालंय काय? काल म्हणाला, "उरलेलं पोतं भाजून टाक ना आज." भाजलं. आज म्हणतो, "या वर्षी आयवार कमी पडेल, आणखी मिरच्या आण." अरे, तू तर खातही नाहीस! डॉक्टरांनी तिखट बंद केलंय. म्हणाला, "ब्लाझेला लागेल. पान्चेला दे." पान्चेला मी विष देईन. आणि धुराडं कुठे ठेवायचं यातही लुडबुड. "जरा वर कर. आणखी एक वीतभर डावीकडे." धूर घरात येईल म्हटलं तर म्हणतो, येऊ दे. इंजिनियर लोकांना पडून राहायला लावलं की असं होतं.

शेवटी पान्चेच पोतं खांद्यावर घेऊन वर आला. न सांगता! नउमने त्याला चोरून सांगितलं असणार. दोघं काहीतरी कुजबुजले. मी हातात चिमटा घेऊन उभी, डोळ्यांतून धुराचं पाणी, आणि हे दोघे शाळकरी पोरांसारखे भोकाकडे बघतायत.

२७ सप्टेंबर

वांगेलने जिन्यात सूचना लावली. दर्शनी भागाच्या सुरक्षेसाठी गॅलऱ्यांमध्ये चूल पेटवण्यास मनाई. मिरच्या भाजायला मनाई! स्कोप्येत! पाचशे वर्षं तुर्कांनी राज्य केलं, त्यांनीसुद्धा हे केलं नाही. सूचना फाडली आणि तीच घालून चूल पेटवली.

सोमवारी भोक बुजवायला माणूस पाठवतायत. कोण? ब्लाझे. आमच्याच मुलाला पाठवतोय तो हरामखोर, म्हणजे म्हातारी काठी घेऊन अंगावर जाणार नाही.

२८ सप्टेंबर

आज रक्तदाब मोजत नाही, यंत्र फुटेल.

सकाळी जिन्यात पान्चेला धरलं आणि मनात होतं ते सगळं काढलं. लाचखाऊ म्हटलं, बूट चाटतोस म्हटलं, तुझ्या एका हाताने माझा नवरा अंधारात मरणार म्हटलं. तेव्हा तो म्हातारा जिन्यातच खाली बसला.

"पुरे, बाई. उन्हाळाभर ऐकून घेतलं. तो हात माझा नव्हता. मी विरोधात होतो. सभा तुमच्याच घरात झाली, त्याच्या पलंगाभोवती. मतं बरोबरीत अडली. तो शेवटचा हात नउमचा."

मी खोटारडा म्हटलं नाही. त्याच्या तोंडाकडे बघून म्हणताच आलं नाही.

वर आले. नउम पांघरुणावरच्या उन्हाच्या गोलात बोटं हलवत होता.

"नकाशा बघितला होतास तू?"

त्याला लगेच कळलं. "हो."

"खांब कुठे येणार ते दिसलं होतं?"

"इंजिनियर आहे मी, देसांका."

"मग?"

"ब्लाझेने स्लोव्हेनियाचं तिकीट काढलं होतं. तू बितोलाहून आलीस की सांगणार होता. मी वांगेलला म्हटलं, माझा हात घे आणि माझ्या पोराला काम दे."

"मला विचारलं नाहीस!"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते!"

"म्हणून. मी काही फार दिवसांचा नाही. मी गेल्यावर या चौथ्या मजल्यावर तुला पाव कोण आणून देणार?"

"लिफ्ट आहे!"

"कधी चालू असते?"

मी स्वयंपाकघरात जाऊन आयवारच्या दोन बाटल्या फोडल्या, मुद्दाम. उन्हाळाभर ज्याच्यावर आग पाखडायला हवी होती तो माझ्यासाठी अंधारात पडून होता. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? ब्लाझेला यातलं अक्षर सांगायचं नाही अशी शपथ घातली त्याने. सांगितलं तर पोरगा नोकरी फेकून देईल. मी शपथ घेतली.

२९ सप्टेंबर

ब्लाझे दुपारी आला. खांद्यावर थर्माकोलचा तुकडा, हातात सिमेंटची बादली. दारातच थबकला.

"भर दुपारी दिवा कशाला लावलाय?"

तो खिडकीशी गेला. खांबाकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं, मग मागे वळून पलंगाकडे. नउमने घाईघाईने हात पांघरुणात ओढून घेतला, पण ऊन तिथेच पडलेलं होतं.

"कधीपासून असं आहे?"

"काम कर तुझं," नउम म्हणाला. "जाळी नीट चढव. कडेला चार बोटं जास्त घे, नाहीतर तडा जाईल."

ब्लाझे गॅलरीत गेला. बादली खाली ठेवली. मग करवत काढली. "आई, माझा पट्टा धर."

"ब्लाझे!" नउम ओरडला. अंथरूण धरल्यापासून त्याचा एवढा आवाज ऐकला नव्हता. "गाढवा, नोकरी जाईल!"

"जाऊ दे."

"देसांका, थांबव त्याला! सांग त्याला!"

एक वाक्य पुरलं असतं. तुझ्या बापाने हा अंधार तुझ्यासाठी विकत घेतलाय, एवढंच. शपथ घालणाराच सांग म्हणत होता, आणि मी कठड्याबाहेर वाकलेल्या पोराचा पट्टा दोन्ही हातांनी धरून उभी राहिले आणि बोलले नाही. करवत पावात सुरी जावी तशी जात होती. खाली पान्चे लोकांना मागे हटवत होता. वांगेल धावत आला.

"बाई, हे काय चालवलंय?"

"तुझा गृहपाठ तपासतेय!"

ब्लाझे एकेक तुकडा दोरीने खाली सोडत गेला. शेवटचा तुकडा सुटला आणि ऊन धाडकन आत आलं. सगळी खोली धुळीने भरलेली दिसली. किती महिने मी ती झाडलीच नव्हती.

२ ऑक्टोबर

ब्लाझेला काढून टाकलं. वांगेल म्हणतो, त्याला फार वाईट वाटलं. वाटू दे.

नउम तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडलाय. माझ्याशी बोलत नाही. या घरात रागवायचं काम आजवर माझं होतं, समोरच्याला कसं वाटतं ते आता कळतंय. आज त्याच्या पाठीला म्हटलं, "हो, मी बोलले असते तर तो थांबला असता. मला त्या क्षणी तुझ्या तोंडावर ऊन हवं होतं, दुसरं काही सुचलं नाही. आता काय फाशी देतोस?" पाठ हलली नाही.

सूप घेतलं मात्र. चमचा मीच धरला होता.

१३ ऑक्टोबर

ब्लाझे आज गेला. स्लोव्हेनियात लुब्लियानाला एका मित्राकडे, तिथे इमारतींवर थर्माकोलचे थर चढवायचं काम आहे. एवढं शिकला तो इथे. सामान एकच बॅग, आणि तिच्यात मी आयवारच्या सहा बाटल्या कोंबल्या. बस स्टँडपर्यंत चालतच जातो म्हणाला. बापाच्या कपाळावर ओठ टेकले. नउमने भिंतीवरून नजर काढली नाही.

दार लागलं. लिफ्ट बंद होती, त्याची पावलं जिन्यात ऐकू येत राहिली. ती थांबली तेव्हा नउम म्हणाला, "मला वळव."

वळवलं. चष्मा घातला. नदी, पूल, पलीकडे डोंगर. थोड्या वेळाने ब्लाझे पुलावर दिसला. बॅगेच्या भाराने एका बाजूला कललेला. मध्यावर थांबून त्याने आमच्या दिशेने पाहिलं, मग पुढे गेला. गर्दीत मिसळला तरी नउम बघतच होता.

"खांब असता तर हे दिसलं नसतं," तो म्हणाला.

"खांब असता तर तो गेला नसता."

खाली ट्रकचा आवाज आला. डोकावून पाहिलं तर वांगेलची माणसं नवा खांब उतरवत होती, पांढराशुभ्र. मुलगा घेतला, आता ऊनही घ्यायला आले होते. आता मला भीती घालायला यांच्याकडे उरलंय काय? खुर्ची उचलली, गॅलरीत नेली आणि त्या मोकळ्या जागेत पाय रोवून बसले. वांगेलला ओरडून सांगितलं की खांब बसवायचा असेल तर माझ्या डोक्यावर बसव. तो वर बघत उभा आहे, त्याची माणसंही. इथेच बसून हे लिहितेय.

आतून नउम म्हणाला, "देसांका, जरा डावीकडे सरक. पूल झाकतेस."

सरकले.